पहाणीचा बारावा रकाना

शाळेच्या कचेरीत बसून आम्ही आजवर किती अर्ज भरले असतील, याची गणती आता आमची आम्हालाही करता येणार नाही. जन्मतारखेचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्त्यांचे तक्ते! मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेला मनुष्य ज्ञानदान करतो, अशी लोकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याचा निम्मा दिवस रकाने भरण्यात जातो. त्या हजारो अर्जांतील बहुतेक आमच्या विस्मरणात गेले. एक मात्र गेला नाही, आणि जाईल असे वाटत नाही. या महिन्याचे आमचे लेखन त्या एका अर्जाबद्दल आहे.

तीन-चार वर्षांपूर्वीची ही हकीकत. कर्नाटक सरकारने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी २०२१ साली ‘रैत विद्यानिधी’ ही शिष्यवृत्ती सुरू केली आणि पुढे आठवी ते दहावीतील मुलींनाही तिच्यात घेतले. वर्षाला २,००० रुपये. रक्कम मोठी नव्हे. पण ज्या घरात वह्या मोजून घेतल्या जातात, त्या घरात ती लहानही नव्हे. आमच्या शाळेतील नववीच्या एका मुलीचे वडील अर्ज घेऊन आले. अक्षर सुबक, सर्व रकाने भरलेले. वडिलांचा व्यवसाय : शेती. शेताचा सर्व्हे नंबर विचारला होता, तोही त्यांनी न अडखळता लिहिला होता.

आमच्या कारकुनांनी अर्ज पाहिला, संगणकावर काही तपासले आणि आमच्या खुर्चीजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, “सर, हा नंबर तर आपल्या मातोश्रींच्या नावावर आहे.”

आम्ही मान वर करून पाहिले. समोर उभा असलेला मनुष्य आमचाच मक्तेदार होता. चिटगुप्प्यापासून काही कोसांवरच्या आमच्या गावी आईच्या नावावर तीन एकर जमीन आहे. वडील गेल्यापासून ती हाच गृहस्थ कसतो. सर्व्हे नंबर त्याला पाठ असणे स्वाभाविक होते; कारण त्या नंबरात वर्षातले तीनशे दिवस तो असतो, आणि आम्ही फार तर तीन.

शेतकऱ्याच्या मुलाला शिष्यवृत्ती हवी, तर आईबापाचा शेतकरी म्हणून सरकारदरबारी क्रमांक हवा. कर्नाटकात या नोंदवहीला ‘फ्रूट्स’ असे गोमटे नाव आहे. हा क्रमांक जमिनीच्या कागदावरून मिळतो. ज्याच्या नावे गुंठाभरही जमीन नाही, त्याला या वहीत पान नाही. सुदैवाने त्या सुमारास ही शिष्यवृत्ती भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांपर्यंतही नेण्यात आली होती. म्हणून कारकुनांनी व्यवहार्य तोड सुचविली : व्यवसायाच्या रकान्यात ‘शेतमजूर’ असे लिहावे.

तो मनुष्य क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, “मजूर कसं लिवता, गुरुजी? बी माजं, खत माजं, बैलं माजी. पाऊस नाय आला तर बुडतो मी. मजुराला तर संध्याकाळी मजुरी भेटते.”

शेतकरी कोणास म्हणावे, याची याहून चोख व्याख्या आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचलेली नाही. तरीही आम्ही ‘शेतमजूर’ असेच लिहिले. मुलीच्या हिताचे तेच होते. त्याने सही केली आणि तो गेला. खोडलेल्या सर्व्हे नंबराचा तो कागद मात्र आमच्या टेबलावर बराच वेळ पडून होता.

वाचकहो, आता थोडे घरातले सांगितले पाहिजे. घरातले झाकून ठेवून बाहेरच्यांवर लिहिणे सोपे असते.

आमच्या आईचे वय ऐंशीच्या पुढे. ती आमच्याकडे चिटगुप्प्यातच असते. दर चार महिन्यांनी तिच्या बँकेच्या खात्यात २,००० रुपये जमा होतात. हा ‘प्रधानमंत्री किसान सन्मान निधी’. २०१९ च्या फेब्रुवारीत ही योजना सुरू झाली, तेव्हा ती दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकरी कुटुंबांसाठी होती; त्याच वर्षी जूनपासून ती सर्व जमीनधारक शेतकऱ्यांना लागू झाली. वर्षाचे ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. आम्ही सरकारी नोकर असल्याने आम्हाला हा निधी घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. म्हणजे आमच्या ताटाशेजारी जिचे ताट असते, ती आमची आई सरकारी व्याख्येने आमच्या कुटुंबातच नाही! ती स्वतंत्र शेतकरी कुटुंब आहे, आणि सर्व नियमांनी पात्र आहे. यात लबाडीचा लवलेश नाही. तिचे नाव पहाणीत आहे.

महाराष्ट्रातील आप्तांसाठी सांगायचे, तर आमच्याकडची पहाणी म्हणजे त्यांच्याकडचा सातबारा. या पहाणीत नवव्या रकान्यात जमिनीच्या धारकाचे नाव असते. बाराव्या रकान्यात जमीन प्रत्यक्ष कोण कसतो आणि कोणत्या रीतीने कसतो, हे लिहायचे असते. आमच्या तीन एकरांच्या पहाणीत नवव्या रकान्यात आई आहे. बाराव्यातही आईच आहे. गुडघे दुखतात म्हणून जी अंगणातल्या तुळशीला पाणी घालायलाही काठी घेऊन जाते, ती आमची आई सरकारी कागदात आजही स्वतः तूर पेरते आणि सोयाबीन कापते.

हा बारावा रकाना आमच्या घराच्या दृष्टीने साधा नाही. आमचे घर त्या रकान्यावरच उभे राहिले आहे.

आमचे आजोबा निजामाच्या राजवटीत कूळ होते. गावातील एका मोठ्या घराची जमीन ते कसत आणि पिकाचा वाटा पोचवीत. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आले, १९४९ साली जहागिऱ्या गेल्या आणि १९५० साली हैदराबादचा कूळकायदा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. एवढी राज्ये बदलली. आजोबांचा वाटा पोचविण्याचा क्रम मात्र बदलला नाही. तो बदलला देवराज अरसांच्या काळात. भूसुधारणा कायद्याची दुरुस्ती १ मार्च १९७४ पासून अमलात आली. कुळांकडे असलेली जमीन सरकारजमा होऊन कसणाऱ्याला मिळावी, असे तिने ठरविले. ‘उळुववने होलदोडेय’, म्हणजे ‘कसेल त्याची जमीन’, ही घोषणा तेव्हा आमच्या भागात कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत ऐकू येत असे.

हक्क सांगण्यासाठी कुळाने सातव्या नमुन्याचा अर्ज भरायचा होता. त्याची मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली. अर्ज भू-न्यायमंडळासमोर चाले. आमच्या वडिलांची सुनावणी झाली, तेव्हा आम्ही सात-आठ वर्षांचे होतो. वडिलांजवळ ना खंडाची पावती होती, ना करारपत्र. बटईचे व्यवहार कागदावर होतच नसत. होती ती एकच वस्तू : पहाणीच्या वहिवाटदाराच्या रकान्यात जुन्या पटवाऱ्याने लिहून ठेवलेले आजोबांचे नाव. त्या एका ओळीवर तीन एकर जमीन आमची झाली. त्या जमिनीने आम्हाला कॉलेजात पाठविले. एम.ए.ला आम्ही मराठी घेतली, तिचे शुल्कही त्याच ओळीने भरले असे म्हणायला हरकत नाही.

मराठीत ‘कूळ’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. खंडाने जमीन कसणारा तो कूळ, आणि घराण्याची परंपरा तेही कुळच. उच्चारात ऱ्हस्वदीर्घाचा काय तो फरक. आमच्या घरी दोन्ही अर्थ एकाच माणसात नांदले.

पण त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. यापुढे शेतजमीन खंडाने देताच येणार नाही. सैनिक आणि खलाशी यांच्यासाठीच काय तो अपवाद. हेतू निर्मळ होता. कूळच उरले नाही, तर त्याची पिळवणूक कशी होईल? तथापि कायद्याने कूळ हा शब्द पुसला, कूळ पुसले गेले नाही. मुले शिकली, नोकरीला लागली, कोणी हैदराबादला गेले, कोणी पुण्याला. विधवा बायका आणि वृद्ध माणसे मागे राहिली. जमीन पडीक ठेवणे कोणाला परवडणार? मग बटई आणि मक्ता दोन्ही चालूच राहिले, फक्त तोंडी. बटईत खर्चही निम्मा आणि मालही निम्मा. मक्त्यात पाडव्याला ठरलेली रोख रक्कम मालकाच्या हातावर ठेवायची. पुढे पिको वा न पिको, ते कसणाऱ्याचे नशीब. आमची जमीन मक्त्याने आहे.

आणि मालक सावध झाले. बाराव्या रकान्यातील एका नावाने काय होऊ शकते, हे सर्वांनी पाहिले होते. आम्ही तर ते आमच्याच घरात पाहिले होते. म्हणून आज कोणताही मालक त्या रकान्यात दुसऱ्याचे नाव येऊ देत नाही. २००० सालाच्या सुमारास ‘भूमी’ योजनेत पहाण्या संगणकावर गेल्या. पटवाऱ्याचे वळणदार अक्षर गेले, छापील अक्षर आले. छापील अक्षरात जे असते, ते खरेच असले पाहिजे असा आपला समज असतो.

आता सरकारचा पैसा या कागदाच्या मागून कसा चालतो, ते पाहू. आपल्या घरांत या विषयावर बोलणे होते ते बहुधा ‘आला का हप्ता?’ एवढेच, म्हणून थोडे तपशिलाने सांगतो.

सन्मान निधी पहाणीतील धारकाला मिळतो, हे वर आलेच. अनुदानाचे बियाणे रैत संपर्क केंद्रात मिळते. तिथेही तोच शेतकरी-क्रमांक लागतो, आणि तो क्रमांक सर्व्हे नंबराशी बांधलेला. आमचा मक्तेदार आईच्या नावाने सोयाबीनची पिशवी आणतो. किंवा तिचा अंगठा वेळेवर मिळाला नाही, तर बाजारभावाने घेतो.

पीकविम्याची कथा अधिक मासलेवाईक आहे. प्रधानमंत्री फसल विमा योजना २०१६ च्या खरिपापासून चालू आहे. खरिपाच्या धान्य-गळिताला शेतकऱ्याने विमारकमेच्या दोन टक्के हप्ता भरायचा, रब्बीला दीड टक्का, आणि हप्त्याचा उरलेला भाग केंद्र व राज्य सरकारांनी विमा कंपनीला द्यायचा. योजनेच्या नियमांत बटईदार आणि खंडकरी हेही पात्र आहेत, असे स्वच्छ लिहिलेले आहे. फक्त त्यांनी खंडाचा कागद दाखवावा. आणि आमच्या राज्यात खंडाचा कागद करणे हेच बेकायदा! एका दारावर ‘आत यावे’ अशी पाटी, आणि दाराला कुलूप. अशी ही योजना आहे.

अतिवृष्टी, अवर्षण, पूर यांची भरपाईही याच वाटेने जाते. कर्नाटकात ज्या संगणकव्यवस्थेतून ही भरपाई वाटली जाते, तिचे नाव ‘परिहार’. कानडीत परिहार म्हणजे भरपाई. मराठीत परिहार म्हणजे निवारण. दोन्ही अर्थ चांगले आहेत. प्रश्न एवढाच की, कोणाच्या दुःखाचा?

याउलट खताचे पाहा. शेतीच्या नावाने केंद्र सरकार जो पैसा खर्च करते, त्यात खताच्या अनुदानाचा वाटा फार मोठा. २०२२-२३ साली जगात खताचे भाव भडकले होते. त्या वर्षी हे अनुदान अडीच लाख कोटी रुपयांवर गेले. सन्मान निधीचा वर्षाचा खर्च सुमारे ६०,००० कोटींचा, हे लक्षात घेतले म्हणजे तुलना कळेल. खताचे हे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात येतच नाहीत. ते कारखान्यांना मिळतात. ४५ किलोंची युरियाची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते, आणि करण्यास लागलेला उरलेला खर्च सरकार कंपनीला देते. या व्यवस्थेत दोष पुष्कळ आहेत. ज्याची जमीन जास्त त्याला लाभ जास्त. युरिया स्वस्त म्हणून जमिनीत प्रमाणाबाहेर टाकला जातो. कंपन्यांच्या हिशेबावर शंकाही घेतल्या जातात. पण दुकानातल्या यंत्रावर आधारचा अंगठा लावला की गोणी मिळते. पहाणीत तुझे नाव आहे काय, असे ते यंत्र विचारत नाही.

म्हणजे मौज अशी की, शेतकऱ्याच्या नावाने थेट दिलेला पैसा आमच्या मक्तेदारापर्यंत पोचत नाही, आणि मोठमोठ्या कंपन्यांना दिलेला पैसा मात्र त्याच्यापर्यंत झिरपतो. यावरून कंपन्यांना पैसे द्यावेत असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, कोणत्याही अनुदानाची परीक्षा त्याच्या नावावरून करू नये. ते देण्याआधी कोणता कागद मागितला जातो, यावरून करावी.

हे आमच्याच राज्याचे वैगुण्य आहे, असे कोणी समजू नये. चिटगुप्प्याहून पूर्वेकडे निघाले की तेलंगणाची सीमा लांब नाही. तिथे १० मे २०१८ रोजी ‘रैतु बंधु’ योजना सुरू झाली. एकरी, दर हंगामाला, प्रथम ४,००० आणि पुढे ५,००० रुपये. एकरांना वरची मर्यादा नव्हती. पन्नास एकरवाल्यास पन्नास एकरांचे, दोन एकरवाल्यास दोन एकरांचे, आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यास शून्य. २०२५ च्या जानेवारीत नव्या सरकारने ती ‘रैतु भरोसा’ या नावाने एकरी ६,००० रुपये केली, आणि रोजगार हमीवर काम केलेल्या भूमिहीन मजूर कुटुंबांसाठी वर्षाला १२,००० रुपयांची वेगळी योजना काढली. तीही चांगलीच. पण खंडकऱ्याला तिथेही मजूर होऊनच दारात यावे लागते. आमच्या कचेरीतला तो अर्ज आम्हाला पुन्हा आठवला.

आंध्र प्रदेशाने २०१९ साली पीक घेणाऱ्याच्या हक्कांचा निराळा कायदा केला. त्यात कसणाऱ्याला ११ महिन्यांचे पत्रक मिळते. त्यावर कर्ज, विमा, भरपाई मागता येते, आणि मालकाच्या मालकीला धक्का लागत नाही. मालकाची संमती मात्र लागते, आणि ती पुष्कळदा मिळत नाही. पश्चिम बंगालने १९७८ पासून ‘ऑपरेशन बर्गा’ राबवून वाटेकऱ्यांची नावे दप्तरी नोंदविली. त्याचे फळ असे की, तेथील ‘कृषक बंधु’ योजनेचा पैसा नोंद असलेल्या वाटेकऱ्यालाही मिळतो. चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेले नाव आज कामी येते. आमच्या आजोबांचे आले, तसेच.

आणि अमेरिका? शेतकऱ्याला सरकारने थेट पैसे देण्याची आधुनिक पद्धत पुष्कळशी त्या देशातच रुळली. १९३३ साली, मंदीच्या ऐन काळात, तेथे शेतीचा एक कायदा झाला. कापसाचे भाव सावरावेत म्हणून शेतकऱ्यांनी लागवड कमी करायची आणि त्याबद्दल सरकारने पैसे द्यायचे. दक्षिणेकडील राज्यांत कापूस वाटेकरी पिकवीत. त्यांत गोरे होते आणि काळेही होते. पैसा मात्र बहुतांशी मळेवाल्यांच्या हाती गेला. लागवड कमी झाली तशी वाटेकऱ्यांची गरजही कमी झाली, आणि अनेकांना खोपटी सोडावी लागली. १९३४ च्या जुलैत आर्कान्सा राज्यातील टायरोन्झा गावाजवळ काळ्या आणि गोऱ्या वाटेकऱ्यांनी मिळून आपला संघ स्थापन केला, तो याच गाऱ्हाण्यातून. पुढे त्या देशाने, प्रत्यक्ष शेतीत असणाऱ्यालाच पैसा मिळावा, असा नियम १९८७ साली केला. तरी आजही तेथे अनुदान एकरांच्या आणि उत्पन्नाच्या मापाने जाते, आणि मोठ्या शेतीसंस्थांच्या वाट्याला मोठा घास येतो. देश बदलला, पीक बदलले. पैशाची वाट मात्र ओळखीची निघाली.

परत आमच्या तीन एकरांकडे येऊ.

२०२५ च्या पावसाळ्यात बीदर, कलबुर्गी, यादगीर आणि विजयपूर या जिल्ह्यांवर आभाळ कोसळले. ऑगस्ट-सप्टेंबरात मांजरा फुगली. उडीद-मूग तर कापणीच्या तोंडावरच गेले, सोयाबीन शेतात कुजले, तुरीच्या मुळांत पाणी साचले. केंद्राच्या नियमाप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये मिळतात, तेही दोन हेक्टरांपर्यंतच. राज्य सरकारने त्यात आणखी ८,५०० रुपयांची भर घातली. पुढे आईच्या खात्यात दोन वेळा मिळून वीस हजारांच्या वर रक्कम जमा झाली.

या रकमेचा हिशेब वाचकांनी आमच्याबरोबर करावा. त्या वर्षीचा मक्ता आम्हाला पाडव्यालाच रोख मिळालेला होता. पाऊस कितीही पडला असता, तरी आमचा एक पैसा बुडणार नव्हता. बियाणे त्याचे गेले, खत त्याचे गेले, चार महिन्यांचे कष्ट त्याचे गेले. आमचे नुकसान शून्य, आणि भरपाई आमची!

संदेश आला, तेव्हा आईने विचारले, “कशाचे रे हे?”

“पीक गेले ना आई, त्याची भरपाई.”

“कोणाचं पीक?”

आम्ही गप्प. मग ती म्हणाली, “तुझे आजे वाटा पोचवायला जायचे, तेव्हा त्या वाड्याच्या ओट्यावर बसू देत नव्हते. उभ्यानं माप घालायचे. आपण तर त्याला बसायला खुर्ची देतो म्हणून स्वतःला चांगले समजतो.”

प्रामाणिकपणे सांगायचे, तर २०१९ पासून येणाऱ्या सन्मान निधीबद्दल असा विचार आमच्या मनात आला नव्हता. आईच्या औषधांना तो उपयोगी पडत होता. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या दिवशी टोचणी लागली, हे खरे. पण टोचणी लागणे आणि काही करणे यांत आमची तीन वर्षे गेली. या तीन वर्षांत वर्गात समतेवर निबंध लिहवून घेण्यात आम्ही खंड पडू दिला नाही.

त्या रविवारी बँकेतून काढलेली रक्कम घेऊन आम्ही गावी गेलो आणि ती त्याच्या हाती दिली. त्याने पैसे मोजले. दोनदा मोजले. मग विचारले, “हे पुढल्या सालच्या मक्त्यात धरायचं का, गुरुजी? का व्याजानं?”

आमच्याकडून काही परत घ्यायचे नसलेले पैसे येऊ शकतात, ही शक्यताच त्याच्या हिशेबात नव्हती. “हे तुझेच आहेत,” असे आम्ही म्हणालो. त्याने नमस्कार केला, आणि तो नमस्कार आम्हाला फार जड गेला. कारण त्याचेच पैसे देऊन आम्ही त्याच्या लेखी दाते ठरलो होतो. ‘अनुदान’ या शब्दातच ‘दान’ दडलेले आहे. जे त्याच्या खात्यात हक्काने यायचे, ते आमच्या हातून आले आणि दान झाले. उद्या आमची बुद्धी फिरली, किंवा आमच्यामागे आमच्या मुलांना हे पटले नाही, तर त्याने कोणत्या कचेरीत दाद मागावी? त्याचे नाव कोठेच नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न मालकांच्या चांगुलपणावर सोडण्यासारखा नाही. जमीन कोणाची हे एका रकान्यात राहू द्या. यंदा पीक कोणाचे हे दुसऱ्या रकान्यात खरे लिहिले जावे. आणि त्या लिहिण्याने मालकी जाणार नाही, अशी हमी कायद्याने द्यावी. निती आयोगाने २०१६ साली खंडाच्या शेतीसाठी जो नमुना-कायदा राज्यांपुढे ठेवला, त्याचा मथितार्थ हाच होता. मालकाची भीती खोटी नाही. आमच्या पिढीने ती वारशानेच घेतली आहे. पण भीतीपोटी लिहिलेला खोटा रकाना सरकारच्या सर्व चांगल्या योजनांना वाट चुकवितो, हेही तितकेच खरे.

आपल्या या मासिकाच्या वाचकांत अशी पुष्कळ घरे असतील, की जी दोन-तीन पिढ्यांपूर्वी गाव सोडून हैदराबादेस, बडोद्यास, इंदूरला वा बंगळूरला स्थायिक झाली. गावाकडे दोन-चार एकर आहेत, कोणीतरी ती कसतो, पाडव्याला पैसे येतात आणि मधूनच मोबाइलवर सरकारी जमेचा संदेश येतो. तो संदेश आला की आपण आनंदाने घरात वाचून दाखवितो. तो वाचताना एक प्रश्न तेवढा विचारावा : कोणाचे पीक? आमच्या आईला शाळा ठाऊक नव्हती; तिला तो प्रश्न विचारता आला. आपण तर शिकलेले आहोत.

येत्या पाडव्याला आम्ही मक्त्याबरोबर एक गोष्ट तोंडी ठरविणार आहोत. पेरणी ज्याची, त्या पेरणीचा विमा आणि भरपाई त्याची. नावावर कोणाच्याही येवो. सन्मान निधीचे काय करायचे, ते आई सांगेल. दोन साक्षीदार बोलावू. कायद्याने हा कागद करता येत नाही, म्हणून शब्दच द्यायचा. आमच्या वडिलांना एका पटवाऱ्याच्या खऱ्या ओळीने जमीन मिळाली. आमच्याजवळ ओळ लिहिण्याचा अधिकार नाही, निदान शब्द तरी खरा असावा.

ती मुलगी आता पी.यू.सी.ला आहे. परवा दाखल्यासाठी शाळेत आली होती. एका नव्या अर्जात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना रिकामा ठेवून तिने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “सर, इथं काय लिहू?”

“शेतकरी लिही,” आम्ही म्हणालो. त्या अर्जाला सर्व्हे नंबर लागत नव्हता.